टेंभाई आणि आमच्या आळीचे गुडघे

नवरा-बायकोनं भल्या सकाळी जोडीनं घराबाहेर पडायला कोणती कारणं चालतात, याची वाईतल्या आमच्या आळीपुरती मला पक्की माहिती आहे. लग्न चालतं, बारसं चालतं, मयत तर केव्हाही चालतं. दवाखाना चालतो, पण त्यात बायकोनं दोन पावलं मागं राहावं आणि दोघांपैकी एकाचा तरी चेहरा दुखणाईत असावा. देवदर्शन तर उत्तमच. ‘सहज’ मात्र अजिबात चालत नाही. ही माहिती मला फुकट मिळालेली नाही. तिच्यापायी मला एक अख्खी देवी उभी करावी लागली.

आमच्या आळीच्या मागं टेंभी नावाची टेकडी आहे. वैद्यबुवांनी वाताच्या विकारावर रोज चढ चढायला सांगितलं, तेव्हापासून मी पहाटे काठी घेऊन टेंभी चढतो. वात होता तिथंच आहे. पण आता वैद्यबुवांनी स्वतः येऊन पाय धरले तरी मी टेंभी सोडणार नाही. मी मामलेदार कचेरीत अव्वल कारकून. दिवसभर माझी नजर टाकाच्या टोकापासून टीपकागदापर्यंत जाते आणि परत येते. टेंभीच्या माथ्यावर त्याच नजरेला एकदम एवढी मोकळीक मिळते की पहिल्या क्षणी ती बावरूनच जाते.

थंडीत तर विचारू नका. सगळं खोरं धुक्यानं काठोकाठ भरलेलं असतं. खाली वाई नसतेच. घाट नाहीत, कचेरी नाही, मामलेदार नाहीत. एका देवळाचा कळस तेवढा वर डोकावतो. मग वैराटगडाच्या मागून सूर्य येतो, पांडवगडाच्या माथ्यावर पहिलं ऊन पडतं, पाचगणीच्या सपाट कड्यावरून ते सावकाश खाली उतरतं, आणि धुकं विरत विरत कृष्णेचं एकेक वळण उघडं पडतं. मला दर वेळी एकच प्रश्न पडतो, की हे बघायची परवानगी आपल्याला मिळाली कशी? आपण अर्ज कधी केला होता?

खाली आल्यावर मी चुलीपाशी बसून आमच्या हिला हे सगळं सांगत असे. ही भाकरी थापता थापता ऐकत असे. मी पांडवगडावर पोचलो तरी हिच्या हाताची गती कमी होत नसे. मला वाटे, बायकांना देखाव्यातलं काय कळतंय!

त्रेचाळीस सालच्या जानेवारीत माझ्या बदलीचा हुकूम आला. महिनाअखेर विट्याला हजर व्हायचं. विट्याच्या मंडळींनी क्षमा करावी, पण तिकडं जमिनीवर उभं राहून जेवढं दिसतं तेवढंच खाटेवर उभं राहून दिसतं, असं मी ऐकून होतो. संध्याकाळी हिला बातमी सांगितली.

“म्हणजे तुमची टेंभी राहिली इथंच,” ही म्हणाली. मग तव्यावरची भाकरी उलटून हळूच म्हणाली, “आणि माझी बघायची राहिलीच.”

मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं मी हिला देखाव्याची नुसती बातमी देत होतो. परगावच्या लग्नातलं जेवण घरी उपाशी बसलेल्या माणसाला वर्णन करून सांगावं, तसला तो प्रकार झाला होता.

“उद्या चल,” मी म्हणालो. “आपण दोघंच.”

“कशाला म्हणून?”

“बघायला.”

“आणि धोंडुबाईंनी विचारलं तर?”

धोंडुबाई आमच्या आळीच्या तोंडाशी राहतात. वयानं मोठ्या, एकट्या, आणि गुडघेदुखीनं ओट्याला जखडलेल्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला “कुठं?” एवढंच विचारतात. पण ती जकात चुकवून आजवर कोणी बाहेर गेलेलं नाही. माझ्याकडं वैद्यबुवांचा सल्ला होता म्हणून मला माफी होती. ही माफी बायकोला लागू होत नाही, असा आळीचा समज.

दुसऱ्या दिवशी पहाटे तरी आम्ही निघालोच. धोंडुबाई ओट्यावर पाय पसरून गुडघ्यांना तिळाचं तेल चोळत होत्या.

“कुठं निगालासा, नानासो? आन् वैनी बी?”

हिनं पदर डोक्यावर ओढला आणि माझ्याकडं पाहिलं. मी रात्रभर घोकलेलं उत्तर दिलं. “देवीला.”

“कंच्या?”

टेंभीच्या माथ्यावर चाफ्याखाली एक तांदळा, म्हणजे नाक-डोळे नसलेला देवीचा दगड, आहे. कधीकाळी कोणीतरी शेंदूर फासलेला. मी त्याला रोज हात जोडतो, पण नाव कोणालाच ठाऊक नाही. मी तिथल्या तिथं ठेवून दिलं. “टेंभाईला.”

“ती कशाला पावती म्हनं?”

माझी नजर समोर होती. समोर धोंडुबाईंचे तेलानं चकाकणारे दोन गुडघे होते. “गुडघ्यांना,” मी म्हणालो.

सरकारी कागदावर मी जन्मभर लिहीत आलो, पण माझ्या एका शब्दाचा एवढा परिणाम झालेला पाहिला नव्हता. धोंडुबाईंचा चोळता हात थांबला. “आवं, मग इतकी वर्सं बोलला न्हाई ते? एकलंच जाऊन येतासा व्हय रोज? तरीच म्हनलं, ह्या मानसाचं गुडघं ह्या वयात शाबूत कसं!”

म्हणजे पुरावा म्हणून माझेच गुडघे हजर झाले. मी काही बोलणार तोच त्यांनी हिला हाताला धरून ओट्यावर बसवलं. “आन् आज बुदवार. देवीला बुदवारी जात्यात? आन् त्ये बी रिकाम्या हातानं? न्हाई, वैनी, माघारी फिरा. मंगळवारी जाऊ. आपुन समदीच.”

आम्ही माघारी फिरलो.

संध्याकाळपर्यंत टेंभाई घरोघर पोचली. आमच्या आळीत एवढे गुडघे दुखत असतील याची मला कल्पना नव्हती. तालमीत गुडघा उलटलेले पैलवान आले. सासूचे गुडघे घेऊन सुना आल्या. जो तो माझ्या गुडघ्यांकडं आदरानं बघू लागला. एका म्हातारबांनी तर वाकून दाबून पाहिले आणि “व्हय, घट्ट हायती,” असा निर्वाळा दिला. तेल तिळाचं की करडईचं यावर दोन तट पडले. करडईवाल्यांचं म्हणणं, लढाईच्या दिवसांत मिळेल ते तेल देवीनं गोड मानून घ्यावं. गुडघे दुखणाऱ्यांची देवी डोंगरावर का, हा प्रश्न मात्र कोणाला पडला नाही. आमच्या हिला पडला. तो तिनं धोंडुबाईंना विचारलाही.

“म्हनून तर कडक हाय,” धोंडुबाई म्हणाल्या.

मोहिमेची सूत्रं सुभेदार मानसिंगरावांनी आपण होऊन हाती घेतली. पहिल्या लढाईत मेसापोटेमियात त्यांच्या गुडघ्याला गोळी चाटून गेली होती आणि तेव्हापासून त्यांना पेन्शन आणि लंगडणं दोन्ही चालू होतं. त्यांनी मला ओट्यावर उभं करून टेंभीची माहिती विचारली. वाट किती रुंद, पाणी कुठं, माघार घ्यायची झाली तर कुठून.

“सुभेदारसाहेब, वर देवी आहे, तुर्क नव्हे,” मी म्हणालो.

“डोंगर त्यो डोंगर, नानासो. बिगरहुकूम चढायचा न्हाई. वरून परवाना पायजे. जमावबंदी हाय, ठावं हाय न्हवं?”

मला ठाऊक नसून कोणाला असणार? आदल्या ऑगस्टपासून सातारा जिल्ह्यात सरकारला झोप नव्हती. ‘पाच किंवा पाचांहून अधिक इसमांनी एकत्र जमू नये’ हा हुकूम चावडीवर लावायला माझ्याच अक्षरात लिहिला होता. अक्षर इतकं वळणदार आलं होतं की लोक तो वाचायला जमत आणि शिपायाला त्यांना हाकलावं लागे. सुभेदारांचा अर्ज दुसऱ्या दिवशी कचेरीत आला आणि असले सगळे अर्ज ज्या टेबलावर येतात त्यावर, म्हणजे माझ्याच टेबलावर, येऊन पडला.

मामलेदारसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. “ही टेंभाई कोण? दप्तरात कुठं दिसत नाही ती.”

“लहान देवी आहे, साहेब.”

“लहानमोठी नंतर बघू. पुरातन आहे का? पुरातन असेल तर विचार करता येईल. नव्या देवस्थानांना या दिवसांत परवानगी नाही. तुमचा अभिप्राय लिहा.”

आता वाचक म्हणतील, ही संधी होती. ‘पुरातन नाही’ असं लिहिलं की जमाव बारगळला आणि आम्ही दोघं मोकळे. पण असं म्हणणाऱ्यांनी धोंडुबाईंच्या ओट्यावरून एकदा जाऊन दाखवावं. मी टाक बुडवला आणि लिहिलं, ‘सदर देवी पुरातन असून गुडघ्यांस पावते.’ त्या वेळी देवीला जन्मून आठवडाही झाला नव्हता.

साहेबांनी सही केली. “पण जमाव नको. एका वेळी चारच इसम. चार उतरले की दुसरे चार चढतील. फौजदारांना मोजायला वर बसवतो. पाचवा दिसला तर अर्जदार आणि अभिप्राय देणारा, दोघांनाही जबाबदार धरीन.” मग दाराकडं बघून आवाज खाली आणत म्हणाले, “आणि येताना तेवढं तेल आणा थोडं. आमच्या मातोश्रींचे फार दुखतात.”

पहिल्या चौघांत कोण यावरून आळीत दोन दिवस अबोला होता. शेवटी ठरलं. नवस आमचा, असा आळीचा समज, म्हणून आम्ही दोघं, देवीचा शोध लावला म्हणून धोंडुबाई, आणि हुकूम द्यायला सुभेदार. जोडीनं जायचं होतं, ते चौकडीनं जायचं ठरलं.

सोमवारी रात्री ही ओटीचं सामान बांधताना म्हणाली, “मला देवी नको होती हो. तुम्ही रोज सांगता ते बघायचं होतं.”

“दिसेल. आपण पहिलेच आहोत. सूर्य यायच्या आत पोचू.”

“धोंडुबाईंना घेऊन?” एवढंच विचारून हिनं दिवा बारीक केला.

पहाटे निघालो. रॉकेल मिळेना म्हणून आळीत मिळून एकच कंदील, तो सुभेदारांच्या हाती. धोंडुबाईंनी काठी, तेलाची बरणी आणि फडक्यात बांधलेला नारळ घेतला होता. दुसऱ्याच्या खांद्यावरून जायला त्यांनी साफ नकार दिला होता, कारण नवस पायांनी फेडायचा असतो. टेंभीच्या पायथ्याचा पहिला दगड आला आणि त्या त्यावर बसल्या. दुसरा दगड आला, त्यावरही बसल्या. टेंभीवर दगड किती आहेत ते मला त्या दिवशी समजलं. वाट अरुंद. एका अंगाला करवंदीच्या जाळ्या, दुसऱ्या अंगाला उतार. त्यांना ओलांडून पुढं जायची सोय नव्हती. पूर्व उजळू लागली तसा माझा जीव वरखाली होऊ लागला. इसमांना थांबवायला फौजदार असतात, सूर्याला थांबवायला कोणी नाही.

निम्म्या वाटेवर मी सहज मागं पाहिलं. खालच्या चौघांनी, वरचे दिसेनात म्हणजे दर्शन घेऊन दुसऱ्या बाजूनं उतरले असावेत, असा सोयीस्कर समज करून घेऊन चढायला सुरुवात केली होती. त्यांच्यामागं पुढचे चार, त्यांच्यामागं आणखी चार. अख्खी आळी धोंडुबाईंच्या पाठीशी एका ओळीत येऊन थडकली होती. माझ्याच अक्षरातला तो हुकूम, वेलांट्यांसकट, माझ्या डोळ्यांपुढं नाचू लागला. त्यात बेकायदा जमावाच्या अग्रभागी कोण, तर अव्वल कारकून. विट्याची बदली राहील बाजूला आणि भलत्याच ठिकाणी मुक्काम पडेल, अशी चिन्हं दिसू लागली.

“पीछे हटो!” सुभेदारांनी कंदील हलवून हुकूम दिला. मागून कोणीतरी ओरडलं, “मागं जागा न्हाई, सुभेदार!”

आणि नेमक्या त्याच क्षणी धोंडुबाईंनी काठी टाकली. “मी हितंच ऱ्हाते. न्हाई व्हत आता. तुमी जावा फुडं.”

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. खोटं माझं होतं आणि त्याचं ओझं या बाईच्या गुडघ्यांवर होतं. मला शरम वाटली.

आमची ही पुढं झाली आणि त्यांच्याशेजारी दगडावर टेकली. “काकू, देवीचं राहू द्या. गुडघ्यांचंही राहू द्या. पण वर काहीतरी आहे. हे रोज बघून येतात ना, त्या दिवशी कचेरीत कोणी कितीही बोललं तरी यांना लागत नाही. मी चुलीपाशी बसून इतकी वर्षं यांच्या तोंडाकडं बघतेय. यांना एवढं काय दिसतं, ते मला एकदा बघायचंय. आणि तुम्हाला सोडून मी जाणार नाही.”

मला वाटत होतं, ही भाकरीकडं बघत असते.

धोंडुबाईंनी नाक पुसलं. “आगं मग आदीच सांगायचं,” असं म्हणत त्यांनी हिच्या खांद्यावर हात टाकला आणि उठल्या. त्यानंतर त्या बसल्या नाहीत. कण्हल्या मात्र प्रत्येक पावलाला.

आम्ही माथ्यावर पोचलो आणि माझा धीर खचला. माथाच धुक्यात बुडाला होता. चाफा दिसेना, देवी दिसेना, हाताचं बोट दिसेना. आयुष्यात एकदा बायकोला वर आणली, तर समोर काय, पांढरं. “देखावा कुठं हाय म्हनायचा, नानासो?” सुभेदारांनी विचारलं.

धुक्यातून घोंगडी पांघरलेले फौजदार बाहेर आले. मागं एक हवालदार. “थांबा! किती इसम?” त्यांनी बोट उगारलं. “एक, दोन, तीन, चार...” पाचवा एक पैलवान धुक्यातून आला. मग सहावी एक सासू आली. माणसं येतच राहिली. फौजदारांचं बोट तसंच वर आणि भुवया त्याच्याही वर. मी दोन पावलं पुढं झालो. “साहेब, जबाबदारी माझी आहे,” असं म्हणणार होतो. निदान आता तरी मला तसं आठवतं.

तेवढ्यात उजेड आला.

आधी आमच्या डोक्यांवरचं धुकं पिवळं झालं. मग ते कोणी खालून ओढून घ्यावं तसं खांद्यांवरून, कमरेवरून, गुडघ्यांवरून खाली उतरू लागलं आणि आम्ही सगळे उन्हात उभे राहिलो. पांडवगडाचा माथा लखलखत होता. पाचगणीचा कडा ताजा लिंपल्यासारखा दिसत होता. आमच्या पायांपासून त्या कड्यापर्यंत सगळं पांढरं शुभ्र, शांत, आणि त्यात तो एकच कळस. मी रोज बघतो ते हेच, पण त्या दिवशी मलाही ते नवं होतं. जगात एवढं मोठं काही असू शकतं आणि ते आपल्या आळीच्या मागंच असू शकतं, या विचारानं माझ्या अंगावर काटा आला. आमच्या आळीचं तोंड बंद झालेलं मी प्रथमच पाहत होतो. सुभेदार टाचा जुळवून सलामी देत उभे होते. कोणाला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

धुकं फाटलं. कृष्णा एका वळणावर चमकली, मग दुसऱ्या. नदीपलीकडच्या एका झाडीकडं धोंडुबाईंनी हात केला. “ती आमची पिंपळवाडी. माझं म्हायार. आवं, एवढं जवळ हाय? भाऊ गेल्यापासनं बोलवायला कुनी ऱ्हायलं न्हाई, तवाधरनं मला वाटायचं, लय लांब हाय.” त्यांनी डोळ्यांवर हात धरला. “धूर निगतोय बघा. कुनीतरी चूल पेटवलीया.”

मी हिच्याकडं वळलो. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता आणि हिला त्याची शुद्ध नव्हती. “कसं आहे?” मी विचारलं.

“तुम्ही फार कमी सांगत होता,” ही म्हणाली.

फौजदारांचं बोट अजून वरच होतं. ते त्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी ते खाली घेतलं आणि खाकरले. “किती झाले?”

“मोजायचं ऱ्हायलं, साहेब,” हवालदार खोऱ्याकडंच बघत म्हणाला.

फौजदारांनी गच्च भरलेल्या माथ्यावरून एकदा नजर फिरवली. मग पुन्हा नदीकडं पाहिलं. “मला चारच दिसतायत. चार लिही,” ते म्हणाले.

पुढं देवीची ओटी भरली, नारळ फुटले, तेल चढलं. उतरताना धोंडुबाई एकदाही बसल्या नाहीत आणि गुडघे हलके झाल्याचं त्यांनी आळीभर सांगितलं. मामलेदारसाहेबांच्या मातोश्रींनाही तेलाचा गुण आला. तेव्हापासून मला टेंभाईची थोडी भीती वाटते. मी तिला काय समजून हाताशी धरली आणि ती काय निघाली, हे अजून नीट उलगडलेलं नाही.

विट्याला निघायच्या दिवशी सामान बांधून झालं होतं. पहाटे मी काठी उचलली तर दारात ही पायांत वहाणा घालून उभी. आम्ही जोडीनं आळीतून निघालो. ओट्यावर धोंडुबाई होत्याच.

“कुठं?”

मी “देवीला” म्हणायला तोंड उघडलं, पण माझ्या आधी हीच बोलली. “बघायला.”

“देवीला न्हाई?”

“नाही, काकू. नुसतं बघायला.”

धोंडुबाईंनी क्षणभर हिच्याकडं पाहिलं. मग वाटेत आलेले पाय जवळ ओढून घेतले. “मंग हुबं काय ऱ्हायलासा? जावा की बिगीबिगी. धुकं फुटंल.”

टेंभीची वाट अरुंद आहे. ही पुढं चालली होती आणि मी दोन पावलं मागं.